बाबांच्या दोन जन्मतारखा

आमच्या बाबांचा वाढदिवस १ जूनला. आधारवर, पॅनवर, पेन्शनच्या पासबुकावर, सगळीकडे १ जून १९५२. ज्यांचे आईवडील त्या पिढीतले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकलेली असते. त्यात आमचे बाबा स्वतःच प्रायमरीचे मास्तर, त्यामुळे त्यांनी स्वतः किती पोरांना १ जूनला जन्माला घातलं याचा हिशोब त्यांनाही देता येणार नाही.

तर ही तारीख खोटी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, खरी कोणती ते कुणालाच माहीत नव्हतं. आजी म्हणायची अष्टमीच्या आसपास, रात्री, पाऊस धो धो. साल विचारलं की म्हणायची, त्या वर्षी आपली तांबडी गाय मेली. झालं. एवढ्यावर सत्तर वर्षं काम चाललं.

खरी तारीख सापडली ती माझ्या धाकट्या भावामुळे, त्याला पोर्तुगीज करायचं होतं म्हणून.

आमच्याकडे गोव्यात कुणी 'पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं' असं म्हणत नाही. 'पोर्तुगीज केलं' म्हणतात, जसं लायसन्स केलं, रेशनकार्ड केलं. महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं काहीतरी झोल आहे. झोल नाही, कायदा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा भारतात आला, पण पोर्तुगालने ते मान्यच केलं नव्हतं, तिथली हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये पडली आणि मग त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्यांनी करारावर सही करून गोवा, दमण, दीव भारताचे आहेत हे कबूल केलं. म्हणजे तेरा वर्षं लिस्बनच्या कागदांवर आम्ही त्यांचेच होतो. आणि जमीन गेली तरी माणसं त्यांनी सोडली नाहीत, जो कुणी १९६१ च्या त्या तारखेच्या आधी इथे जन्मला तो पोर्तुगीज, त्याने फक्त लिस्बनला आपल्या जन्माची नोंद करून घ्यायची. आणि त्याची मुलं जगात कुठेही जन्मली तरी पोर्तुगीज आईबापाची मुलं म्हणून तीही पोर्तुगीज. पण आधी बापाची नोंद व्हायला हवी, नंतर आईबापाच्या लग्नाची, मग मुलाची. तीन पायऱ्या. पहिली पायरी आमचे बाबा.

भाऊ बोटीवर होता. नऊ महिने बोट, तीन महिने घर, अशी आठ वर्षं काढली. त्याचे निम्मे दोस्त स्विंडनला. इंग्लंडमधलं हे गाव लंडनपेक्षा आमच्या म्हापशाच्या बाजारात जास्त प्रसिद्ध आहे, कारण पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट, आणि तो घेऊन पोर्तुगालला कोण जातंय, सगळे थेट इंग्लंडला, गोदामात पॅकिंग करायला. ब्रेक्झिटने ते दार लावलं. ३१ डिसेंबर २०२० च्या आधी जे तिथे राहायला गेले होते ते बसले, बाकीचे राहिले इथेच. भाऊ तेव्हा नेमका बोट बंद म्हणून घरी लॉकडाऊनमध्ये कॅरम खेळत होता. त्याला ती गोष्ट फार लागली. आता त्याचं आयर्लंड चाललंय, तिथे अजून हा पासपोर्ट चालतो.

मी थोरली, म्हापशाला राहते, म्हणून कागदांची धावपळ माझ्याकडे आली. तशी आपोआपच आली, आमच्या घरात कागद म्हणजे ताय.

पहिला कागद तेओर. जन्मनोंदीच्या मूळ पानाची कॉपी, सहीशिक्क्याची. आपल्याला मिळतो तो छापील चौकटीतला जन्मदाखला चालत नाही, त्यांना मूळ पान हवं. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून आहे आणि तेव्हाची पोर्तुगीज रजिस्टरं अजून जपून ठेवलेली आहेत, त्यामुळे सापडायला हवं. पण शोधायचं कोणत्या नावाने आणि कोणत्या तारखेला? १ जून १९५२ च्या पानावर बाबा नव्हते. १९५२ च्या अख्ख्या रजिस्टरमध्ये नव्हते. तिसऱ्या खेपेला मी बाबांनाच बरोबर घेऊन गेले.

त्या ऑफिसातल्या बाई फार भल्या. पन्नाशीच्या असतील, पोर्तुगीज कुठे शिकलात विचारलं तर म्हणाल्या, ह्याच वह्यांवर. त्यांनी आधी आम्हाला आडनाव शिकवलं. आम्ही परब. तिथे परब शोधून काय मिळणार, तिथे आम्ही पोरोबो. पोर्तुगीज कारकुनाने जे ऐकलं ते त्याच्या पद्धतीने लिहिलं, त्यामुळे शेणव्यांचे सिनाय झाले, कामतांचे कामोतीम झाले आणि शंकरच्या सुरुवातीला एक्स आला. लाइट बिलावर आमचं तिसरंच स्पेलिंग आहे, ते वेगळं.

मग त्यांनी विचारलं, आजी काय सांगायची? अष्टमीच्या आसपास, म्हटलं. तर त्या म्हणाल्या, मग जून कशाला बघताय, ऑगस्ट बघा ना. आणि साल एक मागे जाऊन बघू.

१९५१ चं रजिस्टर म्हणजे दोन्ही हातांनी उचलायचं प्रकरण. कापडी पाठ, कोपरे वाळवीने कुरतडलेले, आतली शाई तपकिरी पडलेली. बाई बोट फिरवत गेल्या आणि थांबल्या. बाबा सापडले. २४ ऑगस्ट १९५१, रात्री ११ वाजता. कृष्ण. म्हणजे क्रिस्ना. मी मोबाइलवर त्या सालचं पंचांग काढलं, आजी बरोबर होती.

बाई एकेक ओळ वाचून कोकणीत सांगत होत्या. कुठल्या गावात, कुठल्या वाड्यावर जन्म, आईचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा शेती, मग बापाचे आईबाप, आईचे आईबाप. मला माझ्या पणजीचं नाव तिथे कळलं. घरात तिचा उल्लेख कायम 'व्हडली आये' असा, तिला नाव होतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे बाईचं नाव देवघरातल्या टाकासारखं, असतं पण बाहेर काढत नाहीत, आणि ह्या परक्या राज्याच्या कारकुनाने ते व्यवस्थित विचारून लिहून ठेवलेलं. रुकुमा.

आणि पानाच्या तळाला सह्या. कारकुनाची लफ्फेदार, दोन साक्षीदारांच्या, आणि मध्ये एक वेगळीच, वर रेघ ओढलेली आणि अक्षरं एकात एक गुंतलेली. बाई म्हणाल्या ही काय मला वाचता येत नाही. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मोडी होती ती. आजोबांची सही.

आजोबा गेले १९५७ ला. बाबा सहा वर्षांचे होते. घरात आजोबांचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. एक अडकित्ता आहे. बाबांनी बापाचं अक्षर पहिल्यांदा बघितलं ते वयाच्या सत्तरीनंतर, एका सरकारी टेबलावर, पोर्तुगीज मजकुराच्या खाली मोडीत.

परत येताना बाबा बसमध्ये काहीच बोलले नाहीत. धारगळ गेल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे शाळेतसून धा महिने उशिरा रिटायर केल्यानी माका." मी हिशोब केला, नऊ महिने होतात, पण म्हटलं जाऊ दे.

आता कायद्याचं थोडं सांगते, कारण मी ह्यात इतकी शिरले की नवरा म्हणायला लागला तू वकिलीच कर. पोर्तुगालच्या कायद्यात ही नोंद जन्मापासून लागू होते. म्हणजे ते म्हणतात, आम्ही तुम्हाला आज नागरिक करत नाही आहोत, तुम्ही जन्मापासून आमचेच, आम्ही फक्त लिहून घेतोय. आणि आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा, कलम ९, म्हणतो की स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं की इथलं संपलं. दोन नागरिकत्वं आपल्याकडे नाहीत. तर मग लिस्बनला नुसती जन्मनोंद केली म्हणजे 'मिळवलं' का? का ते आधीपासून होतंच? ह्यावर गोव्यात आमदारकीपर्यंत वाद गेलेत, आणि साधी माणसं मधल्या मध्ये लटकतात. पूर्वी लोक पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचे, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे आणि त्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे यायला-राहायला मिळणारं कार्ड, मिळवायचे, घरी यायला-जायला मोकळे. २०२२ च्या शेवटी नियम फिरला, सरेंडर घेण्याऐवजी पासपोर्ट रद्दच व्हायला लागले, आणि रद्द म्हणजे सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणजे ओसीआय नाही. आमच्या शेजारच्या वाड्यावरचा एक मुलगा ह्यात असा अडकला की इकडचाही नाही आणि तिकडे जायलाही पैसे नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्यातून वाट काढल्याचं जाहीर केलं, रद्द केल्याचा आदेश दाखवला तरी चालेल म्हणून. तोपर्यंत दीड वर्षात घरोघरी लोकांचे बीपी वाढले ते वाढलेच.

मला ह्यात सगळ्यात मजेशीर वाटतं ते आपलंही तसंच आहे हे. १९६२ चा एक आदेश आहे, गोवा दमण दीवच्या नागरिकत्वाचा, त्यात म्हटलंय की ज्याचा स्वतःचा किंवा आईबापाचा किंवा आजीआजोबांचा जन्म २० डिसेंबर १९६१ च्या आधी इथे झाला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाल्याचं मानलं जाईल. नको असेल तर महिन्याभरात लिहून द्या. आमची आजी त्या महिन्यात काय करत होती? वायंगणाच्या शेतात राबत होती. तिला कुणी विचारलं नाही, लिस्बनने तर त्याआधीही कधी विचारलं नव्हतं. पाच वर्षांनी १६ जानेवारी १९६७ ला मात्र विचारलं, महाराष्ट्रात जाणार का वेगळे राहणार. आजीने आयुष्यात पहिल्यापहिल्यांदा जी मतं दिली त्यातलं ते एक, फुलावर मारलं, म्हणजे विलीनीकरणाला. आमच्या पेडणे तालुक्याचा बहुतेक भाग फुलावरच. फूल हरलं, ३४,०२१ मतांनी, आणि दोन पानं जिंकली. ती शेवटपर्यंत म्हणायची, बरं झालं हरलो, नाहीतर तुम्हाला रत्नागिरीला कामाला धाडलं असतं.

आणि ह्याच्या अगदी उलट्या दिशेचा किस्सा म्हणजे अंतोनियो कोश्ता. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. त्यांचे वडील मडगावात वाढलेले. २०१७ च्या जानेवारीत ते भारतात आले तेव्हा मोदींनी त्यांच्या हातात ओसीआय कार्ड दिलं. म्हणजे आम्ही बापाच्या जन्मावर पोर्तुगालचा कागद मागतोय आणि पोर्तुगालचा पंतप्रधान बापाच्या घराण्यावर भारताचा कागद घेऊन गेला. भावाने हा फोटो बाबांना दाखवला होता, पटवण्यासाठी. बाबा म्हणाले, "तो फोटो काढून परत गेलो मरे. तू येतलस?"

बाबा पटत नव्हते, हे सांगायचं राहिलं.

तेओर काढायला आले, पण पुढच्या अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा गप्प. त्यांचं कारण मला कळत होतं. आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापासून चालत जाण्याएवढं. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याकडून सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथेच पडला. बाबा तेव्हा जेमतेम चारचे, त्यांना आठवतं ते फक्त आजीने भर दिवसा दाराला आडणा घातला आणि चुलीवर पाणी टाकलं, धूर दिसू नये म्हणून. त्यानंतर सीमा पक्की बंद झाली. आत्याचं लग्न दोन वर्षं आधी बांद्याला झालं होतं, म्हणजे आज रिक्षाने जाण्याएवढं लांब, पण तिकडे भारत आणि इकडे पोर्तुगाल. १९५७ ला आजोबा गेले तेव्हा निरोप पोचायलाच पाच दिवस लागले आणि परवान्याशिवाय यायची सोय नव्हती. आत्या आली नाही. बाराव्यालाही नाही. ती माहेरी आली ती थेट १९६२ च्या शिमग्याला.

आणि बाबा मास्तर. नोकरीभर दर १९ डिसेंबरला शाळेत झेंड्याखाली त्यांचं भाषण ठरलेलं, चारशे पन्नास वर्षांची गुलामगिरी, हुतात्म्यांचं रक्त, सगळं. मी त्यांच्याच शाळेत होते, मला ते पाठ आहे. (पेडणे पोर्तुगिजांकडे १७८८ ला गेलं, त्यामुळे आमच्या गावापुरती ती पावणेदोनशे वर्षंच होतात, पण भाषणात कोण हिशोब करतो.) तो मास्तर आता लिस्बनला लिहून देणार की महाराज मी तुमचाच. "लोक हसतले," म्हणाले. खरं तर लोक अजिबात हसत नाहीत. ज्यांच्या घरावर हुतात्म्याच्या नातेवाइकाची पाटी आहे त्यांनीही केलंय. पण ते बाबांना कसं सांगणार. मग ते पेन्शनचं विचारत, मताचं विचारत, भाटाचं, म्हणजे बागायतीचं विचारत. भाटाचा प्रश्न रास्त होता, कारण परदेशी झालेल्याला, अगदी ओसीआय असला तरी, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. भाऊ चिडायचा. "बाबा, निसती नोंद आसा. तुमी खंय वचपाचे ना."

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. बाबांची नोंद झाली की माझीही होते, माझ्या मुलीचीही. एका रात्री मी लिस्बनमधल्या घरांची भाडी बघत बसले होते, मग तिथले पगार बघितले आणि झोपले. पण ती आठवीत आहे, आणि तिच्या वर्गातल्या तिघी 'आमचं झालंय' म्हणून सांगतात, तेव्हा ती माझ्याकडे बघते. ती काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग बाबा एक दिवस म्हणाले, कर. का, विचारलं नाही. मी विचारच केला नाही त्याचा, लगेच कामाला लागले. नावांचं 'वन अँड द सेम पर्सन' अ‍ॅफिडेव्हिट, परब आणि पोरोबो एकच, १ जून आणि २४ ऑगस्ट एकच. नोटरीसमोर बाबांनी शपथेवर सांगितलं की मी मीच आहे. आईबाबांच्या लग्नाचं तेओर. त्यात आमच्या एजंटने आईचं माहेरचं नाव सासरच्या रकान्यात टाकून एक महिना घालवला आणि वर आमच्याकडून त्याचेही पैसे घेतले. असो. आता राहिलं अपोस्टील, म्हणजे कागद खरा आहे असं आपल्या परराष्ट्र खात्याने सांगणारा शिक्का, तो बसला की फाइल पुढे.

गेल्या मंगळवारी भाऊ फाइल न्यायला गावी गेला आणि तिथून मला फोन. आवाज असा की मला वाटलं बाबांना काही झालं.

बाबांनी तेओर लॅमिनेट केलं होतं.

पेडण्याच्या बाजारात जाऊन, जाड प्लास्टिकमध्ये, चारी बाजूंनी पक्कं. आता लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टील होत नाही, हे आम्हाला एजंटने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि बाबा तिथेच बसले होते, चहा पीत. भाऊ ओरडत होता की मुद्दाम केलंय, त्यांना सही करायचीच नव्हती म्हणून. आई म्हणत होती त्यांना लक्षात राहत नाही हल्ली. मी म्हटलं बाबांना फोन दे.

"पावसाक कागद खराब जाता," बाबा म्हणाले. "बुरशी येता. मोडी उठून दिसता आता."

मी काय बोलणार. तेओर काय, अर्ज केला की दुसरं मिळतं, पान तर तिथेच आहे. भावाला तसं सांगितलं, सोमवारी जा, बाईंना माझं नाव सांग. तो वैतागून हो म्हणाला आणि फोन ठेवणार एवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, ते त्याला सांगत होते, जातोच आहेस तर दोन काढ, एक बांद्याला आक्काला नेऊन दे.